दातातल्या सिमेंटला पाणी मारतात का?

स्लॅब पडला की दुसऱ्या दिवसापासून एकच घोष सुरू होतो: पाणी मारलं का? दाताच्या दवाखान्यात याच्या अगदी उलट. गालात कापसाच्या गुंडाळ्या, ओठाला अडकवलेली थुंकी ओढणारी नळी. शब्द मात्र दोन्हीकडे एकच, 'क्युरिंग'.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आलेलं दातांचं सिमेंट, झिंक फॉस्फेट, म्हणजे जस्ताच्या ऑक्साइडची पूड आणि फॉस्फोरिक आम्ल. ते कालवताना तापतं आणि चटकन आळतं. म्हणून जाड, थंड काचेवर चिमूटचिमूट पूड घालत ते पसरून घोटायचं. आळायच्या आत जितकी जास्त पूड मुरेल तितकं सिमेंट मजबूत. ताकदीचं निम्मं गणित त्या काचेवरच सुटायचं.

1969 मध्ये लंडनच्या सरकारी रसायनशाळेत ॲलन विल्सन आणि ब्रायन केंट यांनी ग्लास आयनोमर हे सिमेंट बनवलं. हे भलतंच नाजूक. कोवळेपणी थुंकी लागली की त्यातलं ॲल्युमिनियम धुपतं, कोरडं पडलं की भेगा जातात. म्हणून वरून वार्निश किंवा व्हॅसलिनचा हात. काही मिनिटांत घट्ट दिसतं, पण आतली जोडणी पुढे कितीतरी तास चालू असते. 'आज त्या बाजूने चावू नका' ही डॉक्टरांची सूचना मी एकदा चिक्कीपुढे विसरलो होतो. दोष सिमेंटचा नव्हता.

मग आला उजेड. संशोधक रफाएल बोवेन यांच्या रेझिनमधून घडलेली कंपोझिट भरणी उजेडाने पक्की करायला आधी अतिनील किरण वापरत. ते खोल पोचत नसत, शिवाय डोळ्यांना धोका. त्यांची जागा निळ्या प्रकाशाने घेतली, साधारण 468 नॅनोमीटरचा. मात्र तो देणारा हॅलोजनचा दिवा जुना झाला की वरचा थर खडखडीत आणि तळ कच्चा, आणि कच्चा तळ वरून दिसत नाही. म्हणूनच साधारण दोन-दोन मिलिमीटरचे थर. आता दिवे एलईडीचे आले, तरी दिवा धरणारा हात हलला तर ताकद गेलीच.

गंमत पुढेच आहे. 1990 च्या दशकात कॅलिफोर्नियात महमूद तोराबिनेजाद यांनी मुळाच्या उपचारासाठी 'एमटीए' आणलं. ते मुख्यतः पोर्टलंड सिमेंटच, म्हणजे स्लॅबमधलंच, फक्त एक्स-रेत दिसावं म्हणून त्यात बिस्मथ ऑक्साइड मिसळलेलं. ते आळावं म्हणून डॉक्टर त्यावर ओला कापूस ठेवतात.