व्हिडिओ गेमचा भाव कधी उतरतो?

मंडळी, आमच्या रावेरला 'भाव' हा विषय कुणाला शिकवावा लागत नाही. केळीचा घड एकदा कापला की तो कुणासाठी थांबत नाही. आज भाव पडला, उद्या विकू असं म्हणायची सोय नाही, आणि व्यापारी ते पक्कं ओळखून असतो. पण जी वस्तू नासत नाही आणि हातोहात खपतेही आहे, तिचा भाव कुणी का उतरवावा? टीव्हीला जोडून खेळायच्या यंत्राबद्दल (तरुण मंडळी त्याला 'कन्सोल' म्हणतात) हा वाद वरचेवर निघतो. सनावळ्या पाठ करून घेण्यात आयुष्य गेलं, म्हणून याही सनावळ्या काढून बसलो.

निन्टेंडो ही मूळची क्योटोची, १८८९ सालची पत्ते बनवणारी कंपनी! तिने जुलै १९८३ मध्ये जपानात 'फॅमिकॉम' आणलं, किंमत १४,८०० येन. आपल्याकडे ते यंत्र पोचलं ते मात्र नकलेच्या रूपात. नव्वदच्या दशकात गावोगावच्या पोरांनी जो 'व्हिडिओ गेम' खेळला, मारिओ आणि काँट्रा, तो बहुतेक या नकलांवरच. कॅसेटवर '९९९९ गेम' छापलेलं असायचं आणि आत तेच पाच-पंचवीस खेळ नावं बदलून पुन्हा पुन्हा! (गणिताच्या मास्तरांना दाखवायला हवी होती.) त्यात भारनियमन, म्हणजे शेवटच्या पायरीवर आलं की लाइट गेलीच. तर सांगायचा मुद्दा, आमच्या खान्देशात भाव कंपनीने उतरवला नाही, नक्कल करणाऱ्यांनी उतरवला. चोरीचं समर्थन करत नाही, पण झालं ते असं झालं.

कंपन्या स्वतः भाव उतरवत, त्याचं चांगलं उदाहरण सोनीचं 'प्लेस्टेशन २'. अमेरिकेत ते ऑक्टोबर २००० मध्ये २९९ डॉलरला आलं. २००२ मध्ये १९९, २००४ मध्ये १४९, २००६ मध्ये १२९ आणि एप्रिल २००९ मध्ये ९९. ही काही दया नव्हती. आतल्या दोन मोठ्या चिपची पुढे एकच चिप झाली, यंत्र बनवणं स्वस्त झालं. शिवाय या धंद्यात कमाई यंत्रापेक्षा खेळांवर जास्त. बी-बियाणं उधार देऊन कापूस आपल्याच काट्यावर आणायला लावणारा व्यापारी आपण पाहिलेला आहे, तसंच हे. जगभर सुमारे १६ कोटी यंत्रं खपली.

पण २९९ वरून ९९ वर यायला साडेआठ वर्षं लागली. २००० साली आठ वर्षांचा असलेला, ९९ ची वाट बघणारा पोरगा तोवर सोळा-सतरा वर्षांचा झाला! भाव उतरवण्याची गरज यंत्राला आहे का, असा वाद घालताना या पोराचा हिशेब कुणी मांडत नाही. गंमत म्हणजे त्याच २००९ साली या यंत्रावर 'देसी अड्डा' नावाचा भारतीय खेळ आला, आणि त्यात होते कबड्डी आणि विटी-दांडू. जे आमच्या गल्लीत फुकट होतं ते!

उलट बाजूही बघा. निन्टेंडोचं 'वी' नोव्हेंबर २००६ मध्ये २५० डॉलरला आलं आणि जवळजवळ तीन वर्षं एक पैसा उतरलं नाही. का उतरावं? दुकानात मिळतच नव्हतं. २००९ मध्ये खप घसरला, सोनीने 'प्लेस्टेशन ३' ऑगस्टमध्ये २९९ ला आणलं, तेव्हा कुठे सप्टेंबरात 'वी' २०० वर आलं. याच कंपनीने २०११ मध्ये 'थ्री-डीएस' हे हातातलं यंत्र फेब्रुवारीत २५,००० येनला आणलं आणि ऑगस्टमध्ये एकदम १५,००० वर उतरवलं. आधी घेणाऱ्यांची समजूत २० जुने खेळ फुकट देऊन काढली, आणि अध्यक्ष सातोरू इवाता यांनी स्वतःचा पगार निम्मा केला. हे मला आवडलं. आपल्याकडे चुकीच्या अंदाजासाठी कोण पगार कापून घेतो?

असो. आता मात्र रीतच पालटली. 'प्लेस्टेशन ५' भारतात फेब्रुवारी २०२१ मध्ये ४९,९९० रुपयांना आलं, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये ५४,९९० झालं. निन्टेंडोचं २०१७ चं 'स्विच' अमेरिकेत ऑगस्ट २०२५ मध्ये, म्हणजे आठ वर्षांचं म्हातारं झाल्यावर, ३०० वरून ३४० डॉलर झालं! चिप आणखी लहान करण्याचाच खर्च इतका वाढला की पूर्वीची बचत उरली नाही. वर महागाई, आयात कर, रुपयाची घसरण. तेव्हा 'थांबा, उतरेल' हा जुना शहाणपणा या बाजारात चालेनासा झाला आहे.

पुण्याच्या नातवाने परवा फोनवर विचारलं, "आबा, भाव उतरेपर्यंत थांबू का?" त्याला यंदा बारावं लागलं. त्याच्या बापाला म्हटलं, सणासुदीला काही हजारांची सूट निघते तेवढी बघ, आणि घ्यायचंच असेल तर तेव्हाच घेऊन टाक.