सर्पगामी कोरॉइडदाहाचे निदान : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

डोळ्यातील दृष्टिपटलाच्या मागे रक्तवाहिन्यांनी भरलेला जो थर असतो, त्यास रंजितपटल किंवा कोरॉइड म्हणतात. या दोन थरांचे दाहजन्य विकार विरळ आहेत. तथापि निदान चुकल्यास दृष्टी कायमची जाण्याचा संभव असतो. त्यांपैकी ‘सर्पिजिनस कोरॉइडायटिस’ या विकाराच्या निदानाचा इतिहास आपल्या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे. यातील डाग बहुधा नेत्रमज्जेच्या मुखापाशी उमटून सर्पाप्रमाणे वळणे घेत पसरतात. यावरूनच हे नाव पडले.

१८५१ मध्ये हेल्महोल्ट्झने ऑफ्थॅल्मोस्कोपचे वर्णन प्रसिद्ध केले आणि जिवंत माणसाच्या नेत्राचा तळ वैद्यांस प्रथमच नीट पाहावयास मिळाला. १८८२ मध्ये कॉखने क्षयाचा जंतू शोधून काढला. परंतु कोरॉइडचा तुकडा काढून तपासणे धोक्याचे असल्याने तेथील जंतूचा प्रत्यक्ष पुरावा क्वचितच हाती येई. पुढे १९६१ मध्ये नोव्होटनी व अल्विस यांनी फ्लोरेसिन हे रंगद्रव्य शिरेत टोचून नेत्रतळाची छायाचित्रे घेण्याची पद्धती प्रसिद्ध केली. डागाचा कोणता भाग विझला आहे व कोणती कड अद्याप धुमसत आहे, हे तिच्यामुळे ओळखता येऊ लागले.

कारणाचा प्रश्न मात्र उरलाच. पाश्चात्य ग्रंथकारांनी हा विकार मुख्यतः प्रतिकारशक्तीच्या बिघाडाचा मानला व स्टेरॉइडांवर भर दिला. २००३ मध्ये चंदीगढच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेतील विशाली गुप्ता, आमोद गुप्ता व त्यांच्या सहकाऱ्यांनी याच विकारासारखा दिसणारा, परंतु क्षयजन्य असावा असा दाह वर्णिला. त्यात स्टेरॉइडांच्या जोडीस क्षयविरोधी औषधे दिली होती. हा भेद केवळ नावाचा नव्हे. क्षय असता नुसती स्टेरॉइडे दिल्यास रोग बळावू शकतो; क्षय नसता कित्येक महिन्यांची क्षयविरोधी औषधे व्यर्थ जातात. म्हणून नेत्रतळाच्या परीक्षेस मांटू चाचणी व छातीच्या क्ष-किरण चित्राची जोड द्यावी लागते. इतके करूनही निदान पुष्कळदा अनुमानाचेच राहते.

गोंदिया जिल्ह्यातील गोरेगावसारख्या तालुक्याच्या गावी या इतिहासाचे मोल स्पष्ट होते. अशा रोग्याचा डोळा बहुधा लाल नसतो, दुखतही नाही. फक्त अंधुक दिसते वा दृष्टीत डाग येतो. जिल्ह्यात वैद्यकीय महाविद्यालय २०१६ मध्ये झाले. नागपूरचे १९४७ पासून आहे. तेथवर रोगी वेळेत पोहोचावयाचा, तर बाहुली विस्फारून नेत्रतळ पाहण्याची व क्षयाची विचारपूस करण्याची दक्षता गावच्या पहिल्या तपासणीतच घेतली गेली पाहिजे.