चिलका सरोवराचे मुख आणि मत्स्यजीवन

ओडिशातील चिलका सरोवराचा इतिहास हा वस्तुतः त्याच्या मुखाचा इतिहास होय. महानदीच्या शाखांनी आणलेला गाळ व किनाऱ्यालगत सरकणारी वाळू यांमुळे समुद्राकडील वाट अरुंद होत गेली. मुळात उथळ असलेल्या या जलाशयाचे पाणी गोडे होऊन पाणवनस्पती माजल्या. समुद्रातून येणाऱ्या मत्स्यबीजाची वाटच खुंटल्यावर कोळ्याच्या जाळ्यात काय यावे? १९९५-९६ मध्ये मासळीचे उत्पन्न १,५०० टनांच्याही खाली आले. सप्टेंबर २००० मध्ये नवे मुख खोदण्यात आले, खारेपणा वाढला आणि २००१-०२ मध्ये हे उत्पन्न १०,००० टनांपलीकडे गेले. या यशाचे माप मात्र केवळ टनांत घेता येत नाही. कोळंबीच्या घेरींनी परंपरागत मच्छीमारांची क्षेत्रे व्यापली होती. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निर्णयानंतरही त्या पूर्णतः हटल्या नाहीत.