जेवढा उजेड, तेवढाच वेग

परभणीहून जिंतूरला रात्री मोटारसायकलवर गेला असाल तर एक गोष्ट तुम्हाला कोणी शिकवावी लागत नाही. दिव्याचा उजेड जेवढा लांब पडतो, तेवढाच वेग ठेवायचा. गाडीत दम कितीही असो. वळणावर विनादिव्याची उसाची ट्रॉली उभी असली तर तो दम काय कामाचा?

हे आज आठवायचं कारण म्हणजे सोनिक. तोच तो निळा, दिसायला साळिंदरासारखा, सुसाट पळणारा. व्हिडिओ गेमचं नाव काढलं की नाक मुरडणाऱ्यांनी इथेच थांबायला हरकत नाही. पण मला यात एक चांगली गोष्ट दिसते, म्हणून लिहितोय.

सोनिक आला जून १९९१ मध्ये, सेगा या जपानी कंपनीच्या मेगा ड्राइव्ह या यंत्रावर. युजी नाकाचं प्रोग्रॅमिंग, नाओतो ओशिमाने काढलेलं पात्र आणि हिरोकाझू यासुहाराने आखलेले टप्पे. सगळा खेळ वेगाचा. उतारावरून गोल गोल लोळत सुटायचं, कमानी घ्यायच्या, उड्या मारायच्या. आपल्याकडे मेगा ड्राइव्ह १९९५ मध्ये शॉ वॉलेस कंपनीमार्फत रीतसर विकायला आला खरा, पण परभणीत मी तरी तो कुणाच्या घरी पाहिला नाही. आमचा हातात धरायचा खेळ म्हणजे उरुसात मिळणारा ब्रिकगेम. तुराबुल हक बाबांच्या उरुसात फेब्रुवारीत पाळणे लागायचे, त्याच्याच आसपास खेळण्यांच्या दुकानात हे ब्रिकगेम टांगलेले असायचे. लाइट गेली तरी सेलवर चालायचा, हा त्याचा सगळ्यात मोठा गुण!

आता मोठ्या टीव्हीवरचा सोनिक मुठीत मावणाऱ्या यंत्रात कसा बसवायचा? १९९१ मध्येच सेगासमोर हा प्रश्न आला. कंपनीचं स्वतःचं गेम गिअर होतं, पडदा अवघा १६० बाय १४४ ठिपक्यांचा. काम दिलं एन्शंट या छोट्या कंपनीला, युझो कोशिरो या संगीतकाराच्या कंपनीला. त्यांनी मूळ खेळाची नक्कल केली नाही. पूल, जंगल असे नवे टप्पे आखले आणि खेळ लहान यंत्राच्या मापाने पुन्हा शिवला. थोरल्याचा शर्ट धाकट्याला घालायचा तर टेलरकडे न्यावा लागतो, नुसती बाही दुमडून भागत नाही, हे त्यांना कळलं होतं.

आणि पुढच्याच वर्षी बाही दुमडली गेली. १९९२ चा आठ-बिटवाला सोनिक २ टीव्हीला जोडायच्या मास्टर सिस्टिमवरही आला आणि गेम गिअरवरही. टीव्हीवर २५६ बाय १९२ ठिपके दिसायचे, हातातल्या पडद्यावर त्याच्या निम्म्याहूनही कमी. पहिल्याच विभागाच्या शेवटी उतारावर उभं राहून उसळत येणारे गोळे चुकवायचे असतात. टीव्हीवर ते लांबून येताना दिसतात, हातात मात्र दिसेपर्यंत अंगावर आलेले असतात. वर त्या टप्प्यात जीव वाचवणारी एकही रिंग नाही. एक गोळा लागला की गेलात. हा खलनायक आजही त्याच्या अवघडपणासाठी ओळखला जातो. जेवढा उजेड, तेवढाच वेग हा नियम मोडल्याची ती शिक्षा, फक्त ती भोगायची खेळणाऱ्या पोरांनी.

२००१ च्या जानेवारीत सेगाने स्वतःची यंत्रं बनवणं थांबवत असल्याचं जाहीर केलं आणि त्याच डिसेंबरात सोनिक चक्क प्रतिस्पर्धी निन्टेंडोच्या गेम बॉय अ‍ॅडव्हान्सवर अवतरला. डिम्प्स कंपनीच्या मदतीने केलेला हा सोनिक अ‍ॅडव्हान्स त्या यंत्रासाठीच बनवलेला होता, आणि छान पळत होता. म्हणजे धडा कळला होता.

मग २००६ आलं. सोनिकची पंधरा वर्षं साजरी करायला नोव्हेंबरात अमेरिकेत त्याच गेम बॉय अ‍ॅडव्हान्सवर पहिला, मूळ सोनिक आणला गेला. नाव 'सोनिक जेनेसिस', कारण मेगा ड्राइव्हचं अमेरिकेतलं नाव जेनेसिस. काय झालं? ३२० बाय २२४ ठिपक्यांचं चित्र कापून २४० बाय १६० मध्ये बसवलं, म्हणजे जेमतेम निम्मं दिसणार. आणि ज्याची ओळखच वेग, तो सोनिक अडखळत, धापा टाकत चालायला लागला. संगीतही बिघडलेलं. समीक्षकांच्या गुणांची सरासरी काढणाऱ्या मेटाक्रिटिकवर शंभरपैकी ३३ गुण. आपल्या शाळेत पास व्हायला ३५ लागायचे!

यंत्र कमजोर होतं म्हणावं, तर तसंही नाही. गेम बॉय अ‍ॅडव्हान्सचा प्रोसेसर १६.७८ मेगाहर्ट्झचा, जुन्या मेगा ड्राइव्हचा सुमारे ७.६७ चा. पण दोघांची भाषा वेगळी. एकासाठी लिहिलेल्या आज्ञा दुसऱ्याला जशाच्या तशा कळत नाहीत. खेळ नव्या यंत्रासाठी नीट लिहून काढावा लागतो.

हे सिद्ध केलं सायमन थॉमली या सोनिकच्या एका चाहत्याने. त्याने त्याच यंत्रावर पहिला टप्पा स्वतः लिहून, सुसाट पळवून दाखवला. नुसत्या शिव्या घालत बसला नाही. पुढे २०१३ मध्ये मूळ सोनिक मोबाइलवर नव्याने लिहून आला, तो क्रिस्चन व्हाइटहेड या दुसऱ्या चाहत्याच्या हातून, थॉमलीला सोबत घेऊन. आणि २०१७ चा 'सोनिक मेनिया' सेगाने याच मंडळींकडून करून घेतला. तो वाखाणला गेला.

मला यातली मोलाची गोष्ट ही वाटते. आवडत्या माणसाने वाईट काम केलं की आपण दोनच गोष्टी करतो. एक तर त्याची बाजू घेत भांडतो, नाहीतर कायमचं तोंड फिरवतो. तिसरी वाट कष्टाची आहे. काय चुकलं ते नेमकं शोधायचं आणि जमलं तर नीट करून दाखवायचं. खरा चाहता तोच.

असो. ब्रिकगेमचा पडदा दहा बाय वीस चौकोनांचा होता. त्याने कधी त्याहून मोठं असल्याचा आव आणला नाही, आणि त्याने माझी निराशाही कधी केली नाही. सेल घातले की तो अजून चालतो.