गुरुत्वीय अवपाताचे संख्यात्मक गणन

स्वतःच्या गुरुत्वाकर्षणापुढे अंतर्गत दाब अपुरा पडल्याने कोसळणाऱ्या ताऱ्याची अथवा अन्य द्रव्यसंचयाची क्रमवार स्थिती व्यापक सापेक्षता सिद्धांताच्या समीकरणांवरून संगणकाच्या साहाय्याने काढण्याची पद्धती. ही समीकरणे अरेखीय आंशिक विकल समीकरणे असल्याने त्यांची कागदावर सुटणारी उदाहरणे मोजकीच होती: कोलकात्याचे बी. दत्त (१९३८) आणि जे. आर. ओपेनहायमर व एच. स्नायडर (१९३९) यांनी दाब शून्य मानलेला धुळीचा गोलच हाती घेतला, तर बनारसला वि. वा. नारळीकर यांच्या सान्निध्यात संशोधन केलेल्या प्र. चु. वैद्य यांनी १९४३ मध्ये प्रारण सोडणाऱ्या ताऱ्याबाहेरील क्षेत्राचे उत्तर दिले.

पद्धती : अवकाशकाल हा एकामागून एक येणाऱ्या अवकाशी थरांचा बनलेला आहे असे मानून, पहिल्या थरावरील स्थिती निर्बंध-समीकरणांना धरून ठरवावी लागते व तीवरून पुढील थर काढले जातात. थर कसे घ्यावेत याची गणकास पूर्ण मुभा असते. केंद्राशी राशी अनंत होऊ लागल्या की मात्र गणन बंद पडते. म्हणून तेथे काळ मंदगतीने पुढे सरकेल असे थर निवडतात, किंवा कृष्णविवराच्या क्षितिजाच्या आतील घडामोडींचा बाहेर परिणाम होत नसल्याने आतील भाग जाळीतून वगळतात.

आरंभीची गणने : कॅलिफोर्नियातील लिव्हरमोर येथील प्रयोगशाळेत एम. मे व आर. व्हाइट यांनी, मिसनर व शार्प यांच्या समीकरणांच्या आधारे, दाबयुक्त गोलीय ताऱ्याचा अवपात १९६६ मध्ये गणिला. आघाततरंग हाताळण्यासाठी योजिलेली कृत्रिम श्यानता, जी स्फोटांचे हिशेब करणाऱ्यांच्या परिचयाची होती, अशा रीतीने सापेक्षतेच्या क्षेत्रात दाखल झाली.

क्रांतिक आविष्कार : या शाखेतील सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष एम. चॉप्टुइक यांचा (१९९३) मानला पाहिजे, कारण येथे गणनाने आधी ठाऊक असलेल्या गोष्टीची फेरतपासणी न करता अनपेक्षित नियमच पुढे आणला. द्रव्यमानरहित अदिश क्षेत्राचा गोलीय तरंग दुर्बल असल्यास विखुरतो आणि प्रबळ असल्यास कृष्णविवर होते; या दोहोंच्या सीमेवर उद्‌भवणारे कृष्णविवर किती लहान असू शकते, या डी. ख्रिस्तोडूलू यांच्या प्रश्नाचा शोध घेताना असे दिसले की त्याच्या द्रव्यमानाला किमान मर्यादा नाही, आणि ते तरंगाची तीव्रता ठरविणाऱ्या प्राचलाच्या सीमेपलीकडील आधिक्याच्या सुमारे ०.३७ या घाताच्या प्रमाणात असते, मग आरंभीच्या तरंगाचा आकार कोणताही असो. ऐन सीमेवर क्षेत्र तीच रचना सुमारे तीस पटींनी लहान प्रमाणावर पुनःपुन्हा दाखवते; ती टिपण्यासाठी गरजेप्रमाणे आपोआप सूक्ष्म होणारी जाळी वापरावी लागली. ए. अब्राहम्स व सी. इव्हान्स यांना अक्षीय सममितीच्या गुरुत्वीय तरंगांतही तत्सम वर्तन आढळले. प्रारणद्रवासाठी घातांक सुमारे ०.३६ येतो; द्रव्य बदलल्यास तो सर्वत्र तोच राहत नाही.

नग्न सिंग्युलॅरिटी : एस. शापिरो व एस. ट्यूकोल्स्की (१९९१) यांच्या लंबगोल, संघातरहित वायूच्या गणनांत क्षितिजाविना सिंग्युलॅरिटी (राशी अनंत होणारे स्थान) उद्‌भवते असे सूचित झाले, तथापि व्ही. अय्यर व आर. वॉल्ड यांनी दाखविल्याप्रमाणे निवडलेल्या थरांवर क्षितिज न आढळणे म्हणजे ते नसणे नव्हे. ऐन सीमेवर अशी नग्न सिंग्युलॅरिटी संभवते असे सुचविणाऱ्या चॉप्टुइक यांच्या निष्कर्षानंतर एस. हॉकिंग यांनी, ती निर्माण होऊ शकत नाही अशी जे. प्रेस्किल व के. थॉर्न यांच्याशी लावलेली पैज १९९७ मध्ये हरल्याचे मान्य केले, मात्र ‘विशेष जुळवणीविना’ या अटीसह ती नव्याने मांडली.

भ्रमणयुक्त अवपात : आर. स्टार्क व टी. पिरान (१९८५) यांच्या अक्षीय सममितीच्या गणनांत गुरुत्वीय तरंगांद्वारे बाहेर पडणारी ऊर्जा एकूण वस्तुमान-ऊर्जेच्या एक सहस्रांशाहूनही कमी आढळली.