नाशिकची मिसळ

नाशिकची मिसळ हा महाराष्ट्रातील नाशिक शहर व परिसरात रूढ असलेला, मोड आलेल्या मटकीची उसळ, मसालेदार रस्सा, फरसाण आणि कच्चा कांदा यांच्या थरांनी सिद्ध होणारा खाद्यपदार्थ आहे. तो पावासोबत खातात. भाजलेल्या कांद्या-खोबऱ्याचा व काळ्या मसाल्याचा गडद रस्सा, तो वेगळ्या भांड्यातून वाढण्याची पद्धत आणि सोबत येणारे पापड व दही ही या मिसळीची ठळक वैशिष्ट्ये होत. न्याहारीचा पदार्थ म्हणून ती परिचित असली, तरी सुट्टीच्या दिवशीचे स्नेहमेळावे, वाढदिवस आणि उन्हाळ्यातील घरगुती मेजवान्या यांतही ती मुख्य पदार्थ म्हणून केली जाते.

नाव

'मिसळ' हे नाव 'मिसळणे' या क्रियापदावरून आले असून त्याचे मूळ संस्कृत 'मिश्र' या शब्दात आहे. नाव मिश्रणाचे असले, तरी हा पदार्थ आधी एकत्र करून ठेवता येत नाही. त्याचे घटक शेवटच्या क्षणापर्यंत निराळे राहतात, ताटलीत एकावर एक रचले जातात आणि मिसळण्याचे काम खाणारा स्वतः करतो. रश्श्यावर तरंगणाऱ्या तिखट, लाल तेलाच्या थराला 'तर्री' म्हणतात. 'कट' हा शब्द काही भागांत त्या तेलासाठी, तर काही भागांत संपूर्ण झणझणीत रश्श्यासाठी वापरला जातो.

पार्श्वभूमी

मटकी हे कमी पावसात आणि हलक्या जमिनीत तग धरणारे कडधान्य आहे. त्याचे शास्त्रीय नाव व्हिग्ना अ‍ॅकोनिटिफोलिया असे आहे. महाराष्ट्राच्या पठारी भागात मोड आलेल्या कडधान्यांची उसळ हा रोजच्या जेवणातला जुना पदार्थ असून मिसळीचा पाया तोच आहे. मात्र आजच्या मिसळीतील मिरची, बटाटा व टोमॅटो हे तिन्ही घटक मूळचे अमेरिका खंडातील आहेत. सोळाव्या शतकापासून युरोपीय दर्यावर्दी व व्यापाऱ्यांमार्फत ते भारतात पोहोचले. 'पाव' हा शब्दही पोर्तुगीज भाषेतून मराठीत आला आहे. त्यामुळे मिसळीचे सध्याचे रूप देशी उसळ आणि बाहेरून येऊन स्थिरावलेले पदार्थ यांच्या मेळातून घडले आहे.

थरांची रचना

नाशिकच्या मिसळीतील थर खालून वर सामान्यतः पुढील क्रमाने रचले जातात :

१. उसळ : मोड आलेल्या मटकीची, फार पाणी नसलेली उसळ. काही ठिकाणी तिच्यात उकडलेल्या बटाट्याच्या फोडी असतात.
२. फरसाण : शेव, पापडी, गाठी इत्यादींचे मिश्रण.
३. कांदा : बारीक चिरलेला कच्चा कांदा.
४. कोथिंबीर व लिंबू : वरून भुरभुरलेली कोथिंबीर आणि बाजूला लिंबाची फोड.
५. रस्सा व तर्री : खाण्यास आरंभ करताना खाणाऱ्याने आपल्या आवडीनुसार ओतायचा थर.

या क्रमामागे व्यावहारिक कारण आहे. ओलसर उसळ तळाशी असल्याने वरचे फरसाण काही काळ कुरकुरीत राहते. रस्सा शेवटी पडल्यामुळे फरसाणाचा काही भाग मऊ होतो व काही भाग कडक राहतो. एकाच घासात मऊ, कुरकुरीत, गरम आणि थंड असे निरनिराळे अनुभव येणे हे मिसळीच्या चवीचे मर्म आहे. रस्सा आधीच ओतून ठेवल्यास काही मिनिटांत सगळ्याचा लगदा होतो व हा गुण नाहीसा होतो.

कृती

मटकी : मटकी निवडून, स्वच्छ धुऊन आठ ते दहा तास पाण्यात भिजवतात. नंतर पाणी निथळून ती ओल्या सुती कापडात बांधून ठेवतात. एप्रिल-मे महिन्यांच्या उष्ण हवेत दहा-बारा तासांत मोड येतात, हिवाळ्यात एक दिवस किंवा त्याहून अधिक काळ लागतो. मोड आखूड असतानाच मटकी शिजवणे इष्ट असते. मोड फार लांबल्यास शिजल्यावर दाणा मोडतो. तेलात मोहरी, जिरे, हिंग, हळद व कढीपत्त्याची फोडणी करून मटकी मऊ, परंतु अख्खी राहील इतकी शिजवतात. फरसाणात मीठ असतेच, म्हणून उसळीत ते बेताने घालतात.

काळा मसाला : धणे, जिरे, तीळ, लवंग, दालचिनी, मिरी, मसाला वेलची, तमालपत्र, दगडफूल इत्यादी जिन्नस थोड्या तेलात निरनिराळे भाजतात. सुके खोबरे व मिरच्याही गडद रंगावर भाजून सर्व एकत्र कुटतात किंवा दळतात. जिन्नस वेगवेगळे भाजण्याचे कारण असे की, प्रत्येकाला लागणारा वेळ सारखा नसतो. एखादा जिन्नस करपला, तर संपूर्ण मसाल्याला कडवटपणा येतो. हे प्रमाण घराघरांत व व्यावसायिकांत बदलते. अनेक घरांत उन्हाळ्यातच वर्षभराचा मसाला करून ठेवण्याची रीत आहे.

रस्सा व तर्री : उभा चिरलेला कांदा व सुके खोबरे चांगले तांबूस-काळसर भाजून आले-लसणासह वाटतात. भरपूर तेलात हे वाटण कडेने तेल सुटेपर्यंत परततात. त्यानंतर आच मंद करून काळा मसाला व तिखट घालतात आणि लगेच गरम पाणी ओततात. मोठ्या आचेवर तिखट घातल्यास ते जळून त्याचा रंग व चव दोन्ही बिघडतात. रस्सा मंद आचेवर उकळत राहिला की, तेल वर येते. मिरचीतील लाल रंगद्रव्ये तेलात विरघळणारी असल्याने या तेलाला लालभडक रंग चढतो. हीच तर्री होय. कमी तिखट खाणाऱ्यांसाठी ती डावाने काढून वेगळ्या वाटीत ठेवतात.

वाढण्याची पद्धत

नाशिकमध्ये मिसळीची ताटली, रश्श्याचे भांडे, पाव, पापड, दह्याची वाटी, कांदा व लिंबू असे सर्व काही एका मोठ्या ताटात मांडून देण्याची पद्धत रूढ आहे. रस्सा मागावा तितका वाढण्याची प्रथा अनेक ठिकाणी पाळली जाते. शेवटी जिलेबी किंवा ताक घेतले जाते.

दह्याचे स्थान केवळ शोभेचे नाही. मिरचीला तिखटपणा देणारा कॅप्सायसिन हा घटक पाण्यात फारसा विरघळत नाही. त्यामुळे पाणी पिऊन तोंडाची आग शमत नाही. दही-दुधातील केसीन हे प्रथिन व स्निग्धांश कॅप्सायसिनला आपल्याकडे ओढून घेतात आणि आराम पडतो.

नाशिकमधील स्थान

पंचवटी, मेन रोड, कॉलेज रोड व सातपूर या भागांत मिसळीसाठी ओळखली जाणारी उपाहारगृहे आहेत. काळ्या रश्श्यासाठी पंचवटीतील अंबिका, तर चुलीवर शिजवलेल्या मिसळीसाठी गंगापूर-सातपूर जोडरस्त्याजवळील साधना ही नावे प्रसिद्ध आहेत. शहराच्या कडेने झाडांच्या सावलीत, मळ्यांत व द्राक्षबागांच्या परिसरात मोकळ्या जागेवर चालणारी मिसळीची ठिकाणे ही नाशिकची अलीकडची ओळख बनली आहे. रविवारी सकाळी कुटुंबे व मित्रमंडळी तेथे जमतात. पूर्वी गल्लीतील हॉटेलात उभ्याउभ्या किंवा बाकावर बसून उरकली जाणारी न्याहारी अशा रीतीने सहलीचे निमित्त ठरली आहे.

मिसळीतील कांदा हाही जिल्ह्याचाच आहे. निफाड तालुक्यातील लासलगाव ही देशातील अग्रगण्य कांदा बाजारपेठ असून 'लासलगाव कांदा' या नावाला भौगोलिक मानांकन लाभले आहे. मार्च ते मे या काळात निघणारा 'उन्हाळ कांदा' टिकाऊ असल्याने चाळीत साठवला जातो. मात्र भाव कोसळले की, उत्पादन खर्चही निघत नाही आणि भाव चढले की, ताटातील कांद्याची जागा कोबी घेऊ लागतो. शहरातील मिसळीच्या ताटाशी जिल्ह्यातील शेतकऱ्याचे सुखदुःख असे थेट जोडलेले आहे.

उन्हाळी मेजवानीतील मिसळ

मे महिन्याच्या सुट्टीत नातेवाईक जमले असता मिसळीचा बेत सोयीचा ठरतो. बरीच तयारी आदल्या दिवशी करता येते, थर ऐनवेळी लावता येतात आणि लहानांपासून वृद्धांपर्यंत प्रत्येकाला तिखटाचे प्रमाण स्वतः ठरवता येते. पंचवीस माणसांसाठी साधारण पुढील प्रमाण पुरते :

कोरडी मटकी : सव्वा किलो
फरसाण : सव्वा किलो
कांदा (वरून घालण्यासाठी) : एक ते सव्वा किलो
रस्सा : सात ते आठ लिटर
पाव : साठ ते पंचाहत्तर
दही : दोन किलो
लिंबे : बारा ते पंधरा

मसाला, वाटण व निवडलेली कोथिंबीर आदल्या दिवशी तयार ठेवता येते. कांदा मात्र वाढण्याच्या थोडा वेळ आधीच चिरावा, कारण चिरून ठेवलेल्या कांद्याला उग्र वास येतो. फरसाण घट्ट झाकणाच्या डब्यात आणि दही थंड जागी ठेवतात. पाहुण्यांनी स्वतः वाढून घ्यायचे असल्यास भांडी थरांच्या क्रमानेच मांडतात आणि रश्श्याचे पातेले सर्वांत शेवटी, मंद आचेवर ठेवतात.

अन्नसुरक्षा

उन्हाळ्यातील मिसळीत सर्वाधिक दक्षता मोड आलेल्या मटकीबाबत घ्यावी लागते. मोड येण्यास लागणारी ऊब व ओल जिवाणूंच्या वाढीलाही तितकीच पोषक असते. जर्मनीत २०११ मध्ये मेथीच्या मोडांशी संबंध आढळलेल्या ई. कोलाय जिवाणूच्या साथीत ५०हून अधिक लोक मृत्युमुखी पडले होते. पूर्ण शिजवल्याने असे जिवाणू नष्ट होतात. म्हणून समारंभात मोड आलेली कच्ची मटकी पौष्टिक म्हणून वरून घालणे टाळावे. बुळबुळीत झालेली किंवा आंबूस वास येणारी मटकी शिजवूनही वापरू नये.

शिजवलेले अन्न ५ ते ६० अंश सेल्सिअस या तापमानात फार वेळ राहिल्यास त्यात जिवाणू झपाट्याने वाढतात. हवेचे तापमान ३२ अंशांच्या वर असताना असे अन्न एका तासापेक्षा अधिक काळ बाहेर ठेवू नये, असा सर्वसाधारण संकेत आहे. नाशिकमध्ये उन्हाळ्यातील दुपारी पारा चाळीस अंशांच्या आसपास जात असल्याने हा संकेत येथे विशेष लागू पडतो. सकाळी केलेली उसळ दुपारपर्यंत ओट्यावर राहू देणे धोक्याचे आहे. रस्सा वाफाळता ठेवावा. उरलेली उसळ मोठ्या पातेल्यात तशीच न ठेवता पसरट भांड्यांत काढून लवकर थंड करावी व शीतकपाटात ठेवावी.

फरसाणाचा दर्जा तळणीच्या तेलावर अवलंबून असतो. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या नियमानुसार तळणीच्या तेलातील एकूण ध्रुवीय संयुगांचे प्रमाण २५ टक्क्यांहून अधिक झाल्यास ते तेल वापरता येत नाही. हा नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे.

पोषणमूल्य

कोरड्या मटकीत १०० ग्रॅममागे सुमारे २३ ग्रॅम प्रथिने असतात. मोड आल्याने क जीवनसत्त्व वाढते, फायटिक आम्ल कमी होते आणि लोहासारखी खनिजे शरीरात अधिक चांगल्या रीतीने शोषली जातात. शिजवताना क जीवनसत्त्वाचा काही अंश नष्ट होतो, त्याची थोडीफार भरपाई लिंबाने होते. दुसरीकडे तर्री व फरसाण यांमुळे स्निग्धांश व मीठ वाढते आणि पाव बहुधा मैद्याचा असतो. त्यामुळे मिसळ पौष्टिक ठरणे हे थरांच्या परस्पर प्रमाणावर अवलंबून आहे.

अन्य मिसळींशी तुलना

कोल्हापुरी मिसळ लालभडक, झणझणीत कटासाठी ओळखली जाते व तेथे पावाऐवजी ब्रेडचे काप देण्याची पद्धत आढळते. पुण्यातील मिसळीत पोहे किंवा चिवडा व बटाट्याची भाजी घालतात आणि काही ठिकाणी तिची चव किंचित गोडसर असते. मुंबई-ठाणे परिसरात मटकीसोबत किंवा तिच्याऐवजी पांढरा वाटाणाही वापरला जातो. लंडन येथील फूडीहब पुरस्कारांत २०१५ मध्ये दादरच्या आस्वाद उपाहारगृहातील मिसळपाव सर्वोत्कृष्ट शाकाहारी पदार्थ ठरला होता.

परदेशांतील समांतर पदार्थ

कडधान्याच्या पायावर थर रचण्याची कल्पना अन्यत्रही आढळते. अमेरिकेच्या टेक्सास राज्यातील मेक्सिकन वळणाच्या पाककलेत 'सेव्हन लेअर डिप' किंवा 'टाको डिप' नावाचा पदार्थ आहे. १९८०च्या दशकात तो अमेरिकेत लोकप्रिय झाला. काचेच्या पसरट भांड्यात घोटलेला राजमा, अ‍ॅव्होकॅडोचे वाटण, आंबट साय, टोमॅटो, चीज, ऑलिव्ह व कांद्याची पात असे थर रचून तो थंड ठेवतात आणि मक्याच्या कुरकुरीत चकत्यांनी उचलून खातात. कडधान्य, आंबट दुग्धजन्य पदार्थ, कच्चा कांदा व कुरकुरीत घटक हे सूत्र दोन्हीकडे समान आहे. भेद असा की, डिपमध्ये कुरकुरीत घटक भांड्याबाहेर असतो, म्हणून तो काही तास आधी रचून ठेवता येतो. मिसळीत तो थरांच्या मधोमध असतो, म्हणून ती रचल्याबरोबर खावी लागते. परिणामी मिसळीच्या मेजवानीत वाढणारा आणि खाणारा दोघेही एकाच वेळी हजर असावे लागतात.

हेही पाहा

उसळ
मटकी
काळा मसाला
भेळ
लासलगाव