दोष वंगणाचा की छिद्राचा?

यंत्र अडकले, बेअरिंग जळाले, की पहिला आरोप वंगणावर येतो. तेल बिचारे मुके. त्याची बाजू मांडणार कोण? ती मांडली गेली 1883 साली इंग्लंडमध्ये, आणि तीही योगायोगाने.

आगगाड्यांच्या आसांची बेअरिंगे तापून निकामी होणे त्या काळी नित्याचेच होते. यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेने घर्षणाच्या अभ्यासासाठी समिती नेमली होती. तिच्या वतीने बीचम टॉवर प्रयोग करीत. 4 इंच व्यासाचा फिरता आस, त्यावर भाराने दाबलेली धातूची खोळ आणि आसाचा खालचा भाग तेलात बुडालेला, अशी मांडणी होती. आस सुरळीत फिरे. पुढे नेहमीच्या रीतीने वरून तेल सोडून पाहावे म्हणून टॉवर यांनी खोळीच्या माथ्यावर छिद्र पाडले. तो तेल आत जाण्याऐवजी उसळून बाहेरच येऊ लागले. छिद्रात बूच ठोकले, ते वर सरकून निघाले. लाकडी खुंटी ठोकली, तिचीही तीच गत. अखेर दाबमापक बसविला, तेव्हा त्याचा काटा चौरस इंचास 200 पौंडांची मर्यादा ओलांडून गेला. वस्तुतः खोळीवरील सरासरी भार 100 पौंडच होता!

उलगडा झाला तो असा. फिरता आस स्वतःच तेल ओढून घेतो आणि त्या पातळ थरावर सारा भार तरंगतो. कारागीर मात्र जेथे दाब सर्वाधिक तेथेच छिद्र पाडून तो थर मोडीत आले होते. तेल कितीही उंची वापरले असते, तरी बेअरिंग तापलेच असते. 1886 साली ऑस्बोर्न रेनल्ड्झ यांनी या थराचे गणित मांडले. आजच्या मोटारींच्या इंजिनांतील बेअरिंगांची आखणी त्याच समीकरणाच्या आधारे होते.

म्हणून वंगण सदैव निर्दोष, असे नव्हे. अमेरिकेत डिझेल ट्रॅक्टरांच्या पिस्टनवरील कड्या चिकटून बसत, तेव्हा साधे तेल खरोखरच अपुरे ठरले होते. काजळी साचू न देणारी द्रव्ये 1935 च्या सुमारास तेलात मिसळली जाऊ लागली, तेव्हा कोठे ते दुखणे आटोक्यात आले.

ब्रिटनमध्ये पीटर जोस्ट यांच्या समितीने 1966 साली सरकारला अहवाल दिला. वंगण, घर्षण आणि झीज यांचा विचार यंत्राच्या आखणीपासूनच एकत्र व्हावयास हवा, असे त्यात प्रतिपादिले होते. जाणता मिस्त्री हे आपल्या परीने करीतच असतो. जळालेले बेअरिंग तो प्रथम उजेडात धरतो. झीज एकाच कडेला असेल, तर आस तिरपा बसला होता. पृष्ठभागात कण रुतले असतील, तर गाळणी तपासावयाची. तेलाच्या डब्याकडे तो वळतो ते त्यानंतर.